लारिसा

ग्रीसच्या थेसाली प्रांतातील एक प्राचीन व आजही नांदते असलेले शहर. याच नावाची दहाहून अधिक गावे, गढ्या व बालेकिल्ले प्राचीन ग्रीक जगात होते आणि रशिया, युक्रेन, बेलारूस या देशांत लारिसा हे स्त्रियांचे नाव म्हणून रूढ आहे. थेसालीतील लारिसा पिनीऑस (प्राचीन पिनीअस) नदीच्या उजव्या तीरावर, ग्रीसमधील सर्वांत विस्तीर्ण मैदानाच्या मध्यावर वसले असून अथेन्सपासून रस्त्याने सु. ३५० किमी. उत्तरेस आहे. शहराची लोकसंख्या दीड लाखाच्या आसपास आहे. नदीला लागून असलेल्या टेकडीवर प्राचीन नगरदुर्ग होता व त्या टेकडीच्या दक्षिण उतारावर इ. स. पू. तिसऱ्या शतकातील, सु. १०,००० प्रेक्षक बसू शकतील असे संगमरवरी नाट्यगृह उत्खननाने उजेडात आले आहे. शहराच्या ईशान्येस ऑलिंपस व ऑसा या पर्वतांमधून पिनीऑसने कापलेली टेंपीची चिंचोळी घळ आहे. मॅसिडोनियातून दक्षिण ग्रीसकडे येणारा मुख्य मार्ग या घळीतून जात असे. सुपीक जमीन आणि हा मार्ग या दोन गोष्टींनी लारिसाचा इतिहास घडविला.

लारिसा हा शब्द ग्रीक नसावा, याविषयी बहुतेक भाषाशास्त्रज्ञांचे एकमत आहे. पार्नॅसस, नॉसस यांसारख्या स्थलनामांत आढळणारा द्वित्त सकारयुक्त प्रत्यय याही नावात दिसतो आणि तो ग्रीक भाषिक लोक येण्यापूर्वी त्या भूमीत बोलल्या जाणाऱ्या एखाद्या भाषेतील असावा, असे मानले जाते. शब्दाचा अर्थ ‘गढी’ वा ‘बालेकिल्ला’ असा लावतात. या अर्थाला मुख्य आधार अरगॉस शहराचा आहे. तेथे शहराचे नाव अरगॉस आणि त्याच्या माथ्यावरील किल्ल्याचे नाव लारिसा. मराठीत ‘गड’ किंवा ‘कोट’ ही सामान्यनामे जशी स्थलनामांत मुरून गेली, तसेच येथे झाले असावे. मात्र मूळ भाषाच लुप्त झाल्याने उरले ते केवळ विशेषनाम. भूगोलवेत्ता स्ट्रेबो याने या नावाच्या ठिकाणांची एक लांबलचक यादी दिली आहे. तीत थेसालीतील दोन, क्रीट, ॲटिका, ट्रोजन प्रदेश, कायमी नगराजवळचा प्रदेश, एफेससच्या परिसरातील केस्टर नदीचे मैदान, ट्रॅलीझनजीकचे गाव, काळ्या समुद्राचा किनारा व सिरिया येथील लारिसांचा उल्लेख येतो. लेझ्बॉस बेटावरील काही खडकांनाही हे नाव होते आणि ईलिस व अकिया यांच्या सीमेवरून वाहणाऱ्या नदीला लारिसस म्हणत.

जेथे जेथे लारिसा तेथे तेथे पूर्वी पेलाझ्गियन लोक राहत, अशी प्राचीन ग्रीकांची समजूत होती. पेलाझ्गियन हे ग्रीकांच्या कल्पनेतील ग्रीकपूर्व रहिवासी. या समजुतीचा उपयोग बेताने करावा लागतो. कारण पुष्कळ वेळा गावाचे नाव लारिसा आहे एवढ्यावरूनच तेथे पेलाझ्गियन होते असे ठरविण्यात आले, आणि मग त्याच पेलाझ्गियनांच्या आधारे नावाची उपपत्ती सांगितली गेली. होमरने *इलिअड*मध्ये पेलाझ्गियनांची सुपीक लारिसा असा निर्देश केला आहे, पण तेथील योद्धे ट्रॉयच्या बाजूने लढतात. म्हणजे ही लारिसा आशिया मायनरमधील होय. ती कोणती, याबद्दल प्राचीनांतच वाद होता. ट्रॉयच्या जवळची लारिसा नव्हे, तर बरीच दक्षिणेकडील कायमीजवळची लारिसा होमरला अभिप्रेत असावी, असा कौल स्ट्रेबोने दिला. लारिसाहून आलेला हिपोथोअस आपल्या गावापासून फार दूर मारला गेला, असे होमर म्हणतो, आणि ट्रॉयशेजारच्या गावाविषयी तसे म्हणता येणार नाही, हा त्याचा युक्तिवाद आजही पटण्याजोगा आहे. थेसालीतील लारिसाचे नाव मात्र होमरच्या जहाजांच्या यादीत मुळीच नाही, हे ध्यानात घेण्यासारखे आहे. पुढे थेसालीचे पहिले शहर ठरलेल्या गावाला ही उणीव जाचली असल्यास नवल नाही.

स्थलनामामागे एखादी स्त्री उभी करण्याची ग्रीकांची रीत होती. नगराला त्याच नावाची अप्सरा अथवा राजकन्या कल्पून तिच्यापासून नगराचे नाव आले, असे सांगितले जाई. पॉसेनिअसच्या मते लारिसा ही पेलाझ्गस राजाची मुलगी. अरगॉसचा बालेकिल्ला आणि थेसालीतील दोन्ही नगरे तिच्या नावाने ओळखली जातात. हॅलिकार्नेससच्या डायोनिशिअसने नोंदविलेली वंशावळ नेमकी उलटी आहे : तीत लारिसा ही पेलाझ्गसची माता असून पोसायडन या समुद्रदेवापासून तिला अकीअस, फ्थायस व पेलाझ्गस असे तीन मुलगे झाले, आणि ते पेलोपनीससमधून थेसालीत येऊन स्थायिक झाले. एका कथेतील कन्या दुसरीत माता होते, यावरून या व्यक्तिरेखेचे कार्य काय होते ते उघड होते. गाव, तेथील लोक आणि त्यांचा कल्पित पूर्वज यांना नात्याने बांधणारा तो एक दुवा होता. मुलगी की आई हा तपशील प्रत्येक स्थानिक परंपरेने आपल्या सोयीने ठरविला. अरगॉस व थेसाली यांची सांगड घालणारी आणखी एक कथा आहे. नातवाच्या हातून मरण येईल या भविष्यवाणीला भिऊन अरगॉसचा राजा अक्रिसियस थेसालीतील लारिसाला निघून गेला; तेथील क्रीडास्पर्धांत त्याचा नातू पर्सियस याने फेकलेली थाळी लागूनच तो मरण पावला.

लारिसाच्या नाण्यांवर या अप्सरेचे दर्शन घडते. शहराची प्रारंभीची नाणी पर्शियन वजनमापानुसार पाडलेली असून त्यांतील काहींवर एकच जोडा कोरलेला आहे. तो जेसनचा. सोनेरी लोकर आणण्यास निघण्यापूर्वी त्याचा एक जोडा नदीत वाहून गेला होता आणि जेसन हा थेसालीचाच वीर. पुढील नाण्यांवर एका बाजूस बैलाला शिंगे धरून लोळविणारा तरुण व दुसऱ्या बाजूस उधळलेला घोडा दिसतो. थेसालीतील या खेळाची कीर्ती रोमपर्यंत पोहोचली होती. अप्सरा लारिसा कधी पाण्याची घागर घेतलेली, कधी चेंडू खेळणारी, कधी आसनस्थ अशी येते. इ. स. पू. ४०० नंतर तिचा चेहरा समोरून दाखविण्यास सुरुवात झाली. मोकळे केस, किंचित वळलेली मान व कपाळावरील पट्टी असलेले हे मुख सिराक्यूसचा कारागीर किमॉन याने घडविलेल्या अ‍ॅरिथूझाच्या मुखावरून घेतलेले आहे. नक्कल असली, तरी ती निर्जीव नाही. थेसालीच्या कारागिरांनी सिसिलीच्या त्या मुखाला बरीच वर्षे नवनवे रूप दिले आणि मागील बाजूस चरणाऱ्या घोड्याचे, घोडी व शिंगरू यांचे असे काही नमुने घडविले, की प्राचीन ग्रीक नाण्यांच्या कोणत्याही चांगल्या संग्रहात त्यांना आवर्जून स्थान मिळते. या नाण्यांवर नगराचे नाव बहुधा एकाच सकाराने लिहिलेले आहे.

घोडा हे केवळ बोधचिन्ह नव्हते. थेसालीत सत्ता होती ती घोडे बाळगणाऱ्या जमीनदार घराण्यांची, आणि जमीन कसत ते पेनेस्टाय नावाचे भूदास. मोकळ्या चौकात शेतकऱ्याने वा कारागिराने अधिकाऱ्यांनी बोलावल्याखेरीज पाऊल टाकू नये, अशी थेसालीत रीत असल्याचे ॲरिस्टॉटलने नमूद केले आहे. लारिसातील सर्वश्रेष्ठ घराणे ॲल्यूअडी. थेसालीचे चार विभाग याच घराण्याच्या मूळपुरुषाने, तांबड्या केसांच्या ॲल्यूअसने पाडले, अशी परंपरा आहे. पिंडर याचे सर्वांत आधीचे उपलब्ध विजयस्तोत्र (इ. स. पू. ४९८) या घराण्यातील थोरॅक्सच्या सांगण्यावरून रचलेले आहे. त्यानंतर अठरा वर्षांनी हाच थोरॅक्स पर्शियन सम्राट झर्क्सीझच्या बाजूला होता. हीरॉडोटसच्या म्हणण्यानुसार ग्रीसवर स्वारी करण्याचे निमंत्रणच ॲल्यूअडींनी झर्क्सीझकडे पाठविले होते. टेंपीची घळ पाहून झर्क्सीझने वाटाड्यांना विचारले, की नदीला समुद्राकडे जाण्यास दुसरी वाट आहे का. नाही असे उत्तर मिळताच थेसालियनांनी वेळीच शरण येऊन शहाणपणा केला, असे तो म्हणाला, कारण घळीत बांध घालताच सारे मैदान पाण्याखाली गेले असते. हे मैदान पूर्वी सरोवर होते व पोसायडनने पर्वत फोडून त्याला वाट करून दिली, ही लोककथाही हीरॉडोटसने तेथेच दिली आहे. भूकंप हे पोसायडनचे काम मानणाऱ्याला ती पटण्यासारखी आहे, असा शेराही तो मारतो. झर्क्सीझचा अंदाज अगदीच चुकीचा नव्हता. सप्टेंबर २०२३ मधील ‘डॅनिएल’ वादळानंतर थेसालीचा मोठा भाग जलमय झाला आणि पिनीऑसचे पाणी लारिसाच्या उपनगरांत शिरले.

पर्शियनांच्या पराभवानंतर ॲल्यूअडींना शासन करण्यासाठी स्पार्टाचा राजा लीओटिकिडस थेसालीत आला. पण छावणीत चांदीने भरलेल्या हातमोज्यावर बसलेला असताना तो पकडला गेला, आणि लारिसाचे सरदार बचावले. पेलोपनीशियन युद्धाच्या पहिल्याच वर्षी (इ. स. पू. ४३१) लारिसाचे घोडदळ अथेन्सच्या मदतीस गेले. थ्यूसिडिडीझने त्याचे दोन सेनानी सांगितले आहेत, दोन पक्षांचा प्रत्येकी एक; परक्या भूमीवरही लारिसाकरांना एका नेत्याखाली राहता आले नाही. या फाटाफुटीचा लाभ दक्षिणेकडील फेरी या नगराच्या हुकूमशहांनी उठविला. इ. स. पू. ४०४ मध्ये, सूर्यग्रहणाच्या सुमारास (३ सप्टेंबर), फेरीच्या लायकोफ्रॉनने लारिसाकरांचा मोठा पराभव केला. त्याला तोंड देण्यासाठी लारिसाच्या ॲरिस्टिपसने पर्शियन राजपुत्र धाकटा सायरस याच्याकडे दोन हजार भाडोत्री सैनिकांचा तीन महिन्यांचा पगार मागितला. सायरसने चार हजारांचा सहा महिन्यांचा दिला. त्या सैन्याची गरज सायरसला स्वतःच्या भावाविरुद्ध पुढे लागणार होती.

याच सरदारांच्या पैशावर लारिसात विद्याही आली. सिसिलीचा वक्तृत्वपटू गॉर्जिअस बराच काळ येथे राहिला व ॲल्यूअडींना त्याने शहाणपणाचे वेड लावले, असे प्लेटोच्या *मेनो* या संवादात सॉक्रेटीस काहीशा थट्टेने म्हणतो. त्याच संवादात लारिसाच्या वाटेचे प्रसिद्ध उदाहरण येते. लारिसाला जाण्याचा रस्ता ज्याला ठाऊक आहे तो इतरांना तेथे नीट नेईल; पण जो तेथे कधी गेलेला नाही, मात्र ज्याची रस्त्याविषयीची समजूत बरोबर आहे, तोही त्यांना तितक्याच नीटपणे नेईल. मग ज्ञान आणि खरी समजूत यांत फरक काय? समजुती डीडॅलसच्या पुतळ्यांसारख्या असतात, बांधून न ठेवल्यास पळून जातात. कारणमीमांसेने बांधल्या म्हणजे त्यांचे ज्ञान होते, असे सॉक्रेटीसचे उत्तर आहे. ज्ञानमीमांसेत हा प्रश्न आजही याच उदाहरणाने मांडला जातो, आणि त्यामुळे ज्यांना थेसाली नकाशावर दाखविता येणार नाही अशा असंख्य विद्यार्थ्यांना लारिसा हे नाव माहीत असते.

गॉर्जिअसने लारिसाबद्दल केलेली एक कोटी ॲरिस्टॉटलने नागरिकत्वाची चर्चा करताना दिली आहे. खलबत्ते करणारे खलबत्ते करतात, तसे लारिसाचे ‘डेमिउर्गॉय’ लारिसाकर तयार करतात, कारण लारिसाकर घडविण्याचा त्यांचा धंदाच आहे, असा तिचा आशय. ‘डेमिउर्गॉस’ म्हणजे कारागीर आणि काही नगरांत दंडाधिकारीसुद्धा. शिवाय त्या गावच्या एका भांड्यालाही गावाचेच नाव असावे. विनोद सोडला तर प्रश्न खरा होता. नागरिक जन्माने होतो की अधिकाऱ्याच्या शिक्क्याने? आणि पहिल्या पिढीतील संस्थापकांना नागरिक कोणी केले? ॲरिस्टॉटलला ही कोटी निव्वळ गंमत वाटली नाही, ती अर्धी अडचण व अर्धा उपरोध आहे, असे त्याने म्हटले.

सु. दोनशे वर्षांनी हाच प्रश्न लारिसापुढे फार कठोर स्वरूपात उभा राहिला. दरम्यान शहर मॅसिडोनियाच्या आधिपत्याखाली गेले होते. फेरीच्या हुकूमशहांविरुद्ध ॲल्यूअडींनी दुसऱ्या फिलिपला बोलाविले; त्याने लारिसाच्या फिलिना हिच्याशी विवाह केला, आणि अलेक्झांडरनंतर गादीवर आलेला फिलिप ॲरिडीअस हा तिचाच मुलगा. अलेक्झांडर इ. स. पू. ३२३ मध्ये बॅबिलनला ज्या मेजवानीनंतर आजारी पडला, ती देणारा मीडिअसही लारिसाचाच होता. पुढील शतकातील युद्धांनी मात्र थेसालीची वस्ती विरळ झाली. इ. स. पू. २१७ च्या सुमारास मॅसिडोनियाचा राजा पाचवा फिलिप याने लारिसाच्या अधिकाऱ्यांना पत्र लिहिले : शहरात माणसे कमी आहेत, शेते पडून आहेत, तेव्हा तुमच्याकडे राहणाऱ्या थेसालियनांना व इतर ग्रीकांना नागरिकत्व द्यावे. लारिसाने तसा ठराव केला व क्रॅनन, गर्टन इ. शेजारच्या गावांतील लोकांची नावे दगडावर कोरली. नंतर कोणाच्या तरी आग्रहाने ती खोडून टाकण्यात आली. हे कळल्यावर फिलिपने दुसरे पत्र पाठविले. जितके अधिक लोक नागरिकत्वात सहभागी होतील तितके शहर बळकट होईल व जमीन आजच्यासारखी लाजिरवाणी ओसाड राहणार नाही, असे सांगून तो रोमनांचे उदाहरण देतो : ते मुक्त केलेल्या गुलामांनाही नागरिक करून घेतात, त्यांना अधिकारपदांत वाटा देतात आणि याच मार्गाने त्यांनी सु. सत्तर ठिकाणी वसाहती पाठविल्या आहेत.

हा शिलालेख लारिसातच सापडला. त्यातील ठराव थेसालियन बोलीत व राजाची पत्रे सर्वसामान्य ग्रीक भाषेत असल्याने भाषाभ्यासकांनाही तो मोलाचा आहे. फिलिपची माहिती सर्वस्वी अचूक नव्हती. रोममध्ये मुक्त गुलामाला स्वतः दंडाधिकारी होता येत नसे, त्याच्या मुलाला होता येई, आणि वसाहतींचा आकडाही फुगलेला आहे. तथापि रोमच्या सामर्थ्याचे एक कारण शत्रूने इतक्या लवकर व इतक्या स्वच्छपणे ओळखल्याचे दुसरे उदाहरण क्वचितच सापडेल. हे दुसरे पत्र लिहिले गेले त्याच सुमारास, इ. स. पू. २१५ मध्ये, फिलिपने हॅनिबलशी रोमविरुद्ध तह केला होता. लारिसाने अखेर राजाची आज्ञा मानली व नावे पुन्हा कोरली गेली. ज्यांच्याविषयी तक्रारी होत्या त्यांची प्रकरणे राजा मोहिमेवरून परत येईपर्यंत स्थगित ठेवण्यात आली. इ. स. पू. १९७ मध्ये सायनसेफली येथे रोमनांकडून पराभूत झाल्यावर फिलिपने पळता पळता एक माणूस लारिसाला पाठवून तेथील राजकीय कागदपत्रे जाळून टाकली, ती शत्रूच्या हाती पडून आपल्या मित्रांना जाचू नयेत म्हणून. संकटातही हे भान ठेवल्याबद्दल पॉलिबिअसने त्याची प्रशंसा केली आहे. जळाले ते गेले. दगड तेवढा राहिला.

रोमनांनी स्वतंत्र केलेल्या थेसालियन संघाची राजधानी म्हणून लारिसाला काही काळ प्रतिष्ठा लाभली. येथे जन्मलेला फिलॉन हा प्लेटोच्या अकादमीचा प्रमुख झाला आणि इ. स. पू. ८८ मध्ये अथेन्स सोडून रोमला गेला. तेथे तरुण सिसरो त्याचा श्रोता होता. फार्सेलसच्या लढाईत (इ. स. पू. ४८) सीझरकडून हरलेला पाँपी लारिसावरून टेंपीकडे पळाला, तहानेने व्याकूळ होऊन त्याने तेथे नदीकाठी पालथे पडून पाणी प्याले, असे प्लूटार्क सांगतो. पुढे शहराचे नाव राजकारणापेक्षा कथा-दंतकथांत अधिक येते. वैद्यकाचा जनक हिपॉक्राटीझ लारिसात मरण पावला अशी परंपरा असून, त्याच्या थडग्यावरील पोळ्यातील मधाने मुलांच्या तोंडातील फोड बरे होतात, अशी श्रद्धा होती. चेटकिणींचा देश म्हणून थेसालीची ख्याती होती, ॲप्यूलीअसने इ. स. दुसऱ्या शतकात आपल्या कादंबरीतील प्रेताची राखण करणाऱ्या थेलीफ्रॉनची विलक्षण कथा लारिसातच घडविली आहे. त्या राखणीत बिचाऱ्याचे नाक-कान गेले.

मध्ययुगात शहराने पुष्कळ हात बदलले. बल्गेरियाच्या सॅम्युएलने दहाव्या शतकाच्या शेवटी ते घेतले आणि येथील चौथ्या शतकातील बिशप संत अकिलिअसचे अवशेष प्रेस्पा सरोवरातील बेटावर नेले. १०८२-८३ मध्ये नॉर्मन बोहेमंडने घातलेला वेढा बायझंटिन सम्राट पहिला अलेक्सिअस याने मोडून काढला. पंधराव्या शतकात ऑटोमन तुर्कांची सत्ता आली व त्यांनी गावाला येनीशेहिर, म्हणजे नवे शहर, असे नाव दिले. ग्रीकांच्या तोंडी जुने नाव राहिलेच. १८८१ मध्ये थेसालीबरोबर लारिसा ग्रीसला मिळाले. १८९७ च्या युद्धात तुर्कांनी ते पुन्हा काही महिने व्यापले. १ मार्च १९४१ रोजी भूकंपाने व त्याच युद्धकाळात बाँबहल्ल्यांनी शहराची मोठी हानी झाली. आजचे लारिसा शेतमालाची बाजारपेठ व रेल्वेचे ठाणे म्हणून भरभराटीस आले असून तेथे हिपॉक्राटीझचे स्मारक उभारलेले आहे.

इतर लारिसांपैकी दोन विशेष लक्षणीय आहेत. सिरियात ओराँटीझ नदीवर सेल्युकसच्या वंशाच्या काळात थेसालियन घोडेस्वारांची वसाहत झाली व तिला त्यांनी आपल्या गावाचे नाव दिले. परंतु त्या जागेचे जुने सेमिटिक नाव लोकांच्या जिभेवर टिकून होते. ग्रीक सत्ता ओसरताच ते वर आले. तेच पुढे धर्मयुद्धांच्या इतिहासात गाजलेले शैझर. उसामा इब्न मुन्किझचे घराणे तेथलेच आणि ११५७ च्या भूकंपात ते जवळजवळ नष्ट झाले. दुसरी लारिसा कधीच लारिसा नव्हती. इ. स. पू. ४०१ मध्ये दहा हजार ग्रीक सैनिकांसह परतताना झेनोफनला टायग्रिसच्या काठी एक ओसाड नगर दिसले. त्याच्या विटांच्या तटाची रुंदी पंचवीस व उंची शंभर फूट होती आणि शेजारी दगडी मनोरा होता. त्याचे नाव लारिसा व तेथे पूर्वी मीड लोक राहत, असे त्याने लिहिले. हे ॲसिरियाचे राजधानीचे नगर काल्हू, सांप्रतचे निमरूद, असे आता सर्वमान्य झाले आहे. ॲसिरियन साम्राज्य बुडून जेमतेम दोनशे वर्षे झाली होती, पण वाटेवर कोणालाही त्या नगराचे नाव सांगता आले नाही. एखादे स्थानिक नाव कानी पडले असेल, त्याला ग्रीक कानाने ओळखीचे रूप दिले. त्याच सैन्यात थेसालीहून आलेले लोक होते, हे येथे आठवते.

ग्रीक स्त्रीनामांत लारिसा हे नाव प्राचीन काळी फारसे रूढ नव्हते. ते अप्सरेचे नाव राहिले. माणसांत ते आले ख्रिस्ती हुतात्म्यांच्या स्मरणातून. इ. स. ३७५ च्या सुमारास गॉथ लोकांच्या एका सत्ताधीशाने ख्रिस्ती उपासकांना चर्चसह जाळले. या गॉथ हुतात्म्यांच्या याद्यांत नावांचे पाठ निरनिराळे आढळतात. त्यांतील स्त्रियांमध्ये लारिसा हे नाव स्लाव्ह चर्चच्या परंपरेत स्थिर झाले व २६ मार्च (नव्या कालगणनेनुसार सांप्रत ८ एप्रिल) हा तिचा स्मृतिदिन ठरला. अपत्याचे नाव संतदिनदर्शिकेतूनच निवडण्याची तेथील प्रथा असल्याने ते रशियन घराघरांत शिरले. नदीचे नाव मुलीला ठेवताना भारतीय आईबापांपुढे ती नदी असते. रशियन आईबापांपुढे थेसालीचे शहर मात्र नव्हते. रशियन नामकोशांत लारिसाचा अर्थ ‘समुद्रपक्षी’ असा देतात. ग्रीक ‘लारॉस’ या पक्षिवाचक शब्दाशी असलेल्या ध्वनिसाम्यावरून तो लावलेला आहे. व्युत्पत्ती म्हणून तो टिकत नाही, पण हाक मारताना मनात गढीपेक्षा पक्षी येणे कोणालाही आवडेल.

साहित्यात या नावाला दोन मोठ्या नायिका लाभल्या. अ‍ल्यिक्सांदर अस्त्रोव्हस्की याच्या १८७८ मध्ये रंगभूमीवर आलेल्या नाटकातील लारिसा ही हुंडा देण्याची ऐपत नसलेल्या घरची मुलगी आहे. श्रीमंत व्यापारी तिच्यासाठी नाणे उडवून पैज लावतात आणि तिचा नियोजित वर तिला गोळी घालतो. बरीस पास्तेरनाक याच्या १९५७ मध्ये प्रथम इटलीत प्रसिद्ध झालेल्या *डॉक्टर झिवागो* या कादंबरीतील लारिसा ‘लारा’ या लघुरूपाने जगभर पोहोचली. कादंबरीवरील १९६५ च्या चित्रपटातील संगीताचा यात मोठा वाटा आहे. युक्रेनची थोर कवयित्री लेस्या उक्राइन्का (१८७१–१९१३) हिचे मूळ नाव लारिसा कोसाच. क्रांतिकाळातील लेखिका लारिसा राइस्नर (१८९५–१९२६), चित्रपट दिग्दर्शिका लारिसा शेपित्को (१९३८–७९) आणि १९५६ ते १९६४ या काळात ऑलिंपिक स्पर्धांत अठरा पदके मिळविणारी व्यायामपटू लारिसा लातिनिना या नामवंत स्त्रियांनी ते नाव विसाव्या शतकात सर्वतोमुखी केले.

खगोलशास्त्रज्ञांनीही ते उचलले. १९८१ च्या मे महिन्यात नेपच्यूनजवळून जाणाऱ्या एका ताऱ्याचा प्रकाश क्षणभर झाकला गेल्याचे आढळले. १९८९ मध्ये ‘व्हॉयेजर–२’ यानाने तेथे सु. १९० किमी. व्यासाचा, वेडावाकडा व खड्ड्याखळग्यांचा उपग्रह असल्याचे दाखवून दिले. तो नेपच्यूनभोवती सु. तेरा तासांत एक फेरी करतो. नेपच्यून म्हणजे रोमनांचा पोसायडन. त्याच्या उपग्रहांना त्याच्या परिवारातील वा समुद्रातील व्यक्तींची नावे देण्याचा संकेत आहे. १९९१ मध्ये या उपग्रहाला लारिसा हे नाव देताना पॉसेनिअसची पेलाझ्गसकन्या बाजूला राहिली आणि डायोनिशिअसने सांगितलेली पोसायडनची प्रिया स्वीकारली गेली.